सहकार्यातली लबाडी आपण ओळखतो ती कशी?

प्रश्न थोडक्यात असा: चार जण मिळून एखादं काम करतात आणि त्यातला एक जण स्वतःचा वाटा न उचलता फायदा मात्र पुरेपूर घेतो. असा माणूस आपल्याला नेमका कळतो कशावरून? मेंदूत त्यासाठी जन्मजात, वेगळी यंत्रणा असते म्हणतात ते खरं का? आणि काही जणांना समोरचा माणूस बघताक्षणी कळतो, ते शिकता येतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. बघताक्षणी माणूस कोणालाच कळत नाही. आपल्याला कळतो असं ज्यांना ठाम वाटतं, त्यांनाही नाही. तर्कविचारावरचे प्रयोग करण्यात आणि ते शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि या एका मुद्द्यावर पुरावा इतका एकतर्फी आहे की वाद घालण्यात मजाच उरलेली नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली तोवर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे ठरवणाऱ्यांची एकूण संख्या २४ हजारांच्या वर होती. त्यांची अचूकता भरली ५४ टक्के. नुसतं नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के बरोबर आलं असतं. ज्यांचा धंदाच खोटं पकडण्याचा आहे, त्या पोलिसांची आणि तपास अधिकाऱ्यांची गतही फारशी वेगळी नव्हती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं की खोटं बोलणारा ओळखायचा कसा. सगळ्यात जास्त आलेलं उत्तर एकच: तो नजरेला नजर देत नाही. प्रत्यक्षात नजर चुकवण्याचा आणि खोटं बोलण्याचा संबंध तपासून पाहिला तर हाती जवळपास काहीच लागत नाही.

मग खोटं उघडकीला येतं कसं? २००२ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी लोकांना हेच विचारलं: तुम्ही अलीकडे कोणाचं खोटं पकडलंत, आणि ते कशामुळे? बहुतेकांना ते मागाहून कळलं होतं. कोणी तिसऱ्याने सांगितलं, एखादा कागद हाती लागला, किंवा खोटं बोलणाऱ्यानेच कबुली दिली. समोरासमोर, त्याच क्षणी, हावभावावरून ओळखलं असं सांगणारे अगदी नगण्य होते.

म्हणजे आपण लबाडी ओळखण्यात कच्चे आहोत का? तर नाही, आणि खरी गंमत इथून सुरू होते. आपली हुशारी वेगळ्याच जागी आहे. एखादा करार मोडला गेलाय का हे बघायचं असेल तर नेमकं काय तपासायचं, ते आपल्याला न शिकवता, न थांबता सुचतं. हे ज्या प्रयोगावरून कळलं तो घरबसल्या करून बघता येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. वरची बाजू तेवढी दिसते: अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला गेलाय की नाही हे ठरवायला कमीत कमी कोणते पत्ते उलटावे लागतील? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेलं हे कोडं. बहुतेक लोक 'अ' उलटतात, किंवा 'अ' आणि '४'. बरोबर उत्तर आहे 'अ' आणि '७'. '४'च्या मागे काहीही निघालं तरी नियमाला धक्का लागत नाही, पण '७'च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडला. दहांतल्या एखाद्यालाच हे जमतं, आणि शिकलेसवरलेले लोकही सपाटून आपटतात. उत्तर समजावून सांगितल्यावरही काही जण '४' सोडायला तयार नसतात.

आता तेच कोडं दुसऱ्या कपड्यांत. तुम्ही पोलीस आहात. नियम: बिअर पिणाऱ्याचं वय १९ वर्षांहून जास्त हवं. चार माणसं, चार पत्ते, एका बाजूला पेय आणि दुसऱ्या बाजूला वय. दिसतंय ते असं: बिअर, कोला, २२ वर्षं, १६ वर्षं. कोणाला तपासाल? फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांवर ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ मध्ये हे करून पाहिलं, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी अचूक उत्तर दिलं: बिअर पिणारा आणि १६ वर्षांचा. वर्गात ही दोन्ही कोडी पाठोपाठ दिली की पहिल्याला डोकं खाजवणारी मुलं दुसऱ्याला प्रश्न पुरता वाचून होण्याआधीच '१६'वर बोट ठेवतात. तार्किक सांगाडा दोन्हीकडे तोच आहे. '७' आणि '१६' एकाच जागी बसतात.

पहिला संशय अर्थातच ओळखीचा: बिअर आणि वयाचा नियम माहितीतला, म्हणून सोपा. लीडा कॉस्मिडीस यांनी १९८९ मध्ये तो संशय तपासला. त्यांनी एक काल्पनिक टोळी घेतली. तिथला नियम: कसावा नावाचं कंद खाणाऱ्या पुरुषाच्या चेहऱ्यावर गोंदण हवं. अर्ध्या लोकांना सांगितलं की कसावा ही तिथे दुर्मीळ, हवीहवीशी गोष्ट आहे, गोंदण लग्न झाल्यावर करतात आणि अविवाहितांना कसावा खायची परवानगी नाही. उरलेल्यांना तेच वाक्य नुसतं निरीक्षण म्हणून दिलं. कसावा जिथे उगवतो तिथे गोंदणवाले राहतात, इतकंच. अनोळखीपणा दोन्हीकडे सारखाच होता. पण फायदा आणि त्याची अट अशी रचना दिसली तिथे चारांतल्या तिघांनी कोडं सोडवलं, आणि नुसत्या निरीक्षणाच्या रूपात पाचांतल्या एकाने.

त्याहून बोलका भाग पुढचा. नियम उलटा लिहिला: गोंदण असेल तर तो कसावा खातो. आता तर्काप्रमाणे तपासायचे ते गोंदण असलेला आणि कसावा न खाणारा. लोकांनी मात्र पुन्हा गोंदण नसलेला आणि कसावा खाणारा हेच निवडले. तर्काच्या परीक्षेत नापास, पण फुकट्या मात्र बरोबर हेरला! वाक्य कसंही फिरवा, 'फायदा घेतला' आणि 'किंमत मोजली नाही' याच दोन पत्त्यांकडे हात जातो.

असं का व्हावं, याचं उत्तर उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्स यांच्या १९७१ च्या लेखात सापडतं. परस्पर मदतीची सवय उत्क्रांतीत टिकायची तर मदत घेऊन परतफेड न करणाऱ्याला ओळखणं आणि त्याच्याशी व्यवहार तोडणं जमलं पाहिजे, नाहीतर भोळ्या मदतगारांचा वंश बुडतो. ट्रिव्हर्स यांनी उघड बुडवणारा आणि थोडंथोडं कमी देणारा असे दोन लबाड वेगळे केले होते. माझ्या मते दुसऱ्याकडे संशोधकांचं दुर्लक्ष झालंय. आयुष्यात त्रास देतो तो बहुतेक वेळा हाच, कारण त्याला पकडायला एक प्रसंग पुरत नाही. कित्येक महिन्यांची गोळाबेरीज डोक्यात ठेवावी लागते, आणि ती आपण प्रामाणिकपणे ठेवत नाही. यावर पुढे येतोच.

गेर्ड गिगरेंझर आणि क्लाउस हूग यांचा १९९२ चा प्रयोग मला या सगळ्या संशोधनात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नियम असा: कर्मचाऱ्याने शनिवार-रविवारी काम केलं तर त्याला आठवड्यात एक दिवस सुट्टी मिळेल. चार पत्ते: शनिवार-रविवारी काम केलं, नाही केलं, सुट्टी मिळाली, नाही मिळाली. निम्म्यांना सांगितलं की तुम्ही कर्मचारी आहात, निम्म्यांना सांगितलं की तुम्ही मालक आहात. कर्मचारी झालेल्यांनी बहुसंख्येने 'काम केलं' आणि 'सुट्टी नाही मिळाली' हे पत्ते उलटले. मालक झालेल्यांनी 'काम नाही केलं' आणि 'सुट्टी मिळाली' हे. नियमाच्या वाक्यात काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते एवढंच की लबाडी झाली तर नुकसान कोणाचं.

याचा सरळ अर्थ: आपली तपासणी निःपक्षपाती नसते. आपल्याला जिथून फटका बसू शकतो तिकडेच नजर जाते. दुसऱ्याला आपल्याकडून फटका बसत असेल तर ते पत्ते आपल्याला दिसतच नाहीत. मुद्दाम झाकतो असंही नाही, ते उलटायचं सुचतच नाही. त्यामुळे भागीदारीतल्या भांडणात दोन्ही बाजू आपापल्या पुराव्यानिशी, अगदी मनापासून, एकमेकांना लबाड म्हणताना दिसतात.

त्यात भर पडते स्मरणाची. रॉस आणि सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्णाहून जास्त भरली. स्वतः केलेलं काम आठवतं, दुसऱ्याने केलेलं नजरेआड झालेलं असतं. म्हणूनच 'हा गेले वर्षभर थोडंथोडं कमी करतोय' ही भावना कितीही पक्की असली तरी एकट्या तेवढ्यावर विसंबू नये. असाच हिशोब त्याच्याही डोक्यात चालू असतो, आणि त्यात कमी करणारे तुम्ही असता.

हेतूचा भाग आता. कोणाकडून नियम मोडला गेला म्हणून लगेच तो लबाड ठरत नाही, हे आपल्याला आतून समजतं. कॉस्मिडीस, क्लार्क बॅरेट आणि जॉन टूबी यांनी २०१० मध्ये एकाच गोष्टीत तीन धागे एकेक करून काढून पाहिले: नियम मोडल्याने त्या माणसाचा फायदा होतो का, त्याने ते जाणूनबुजून केलं असेल का, आणि मोडायची संधी त्याला होती का. एकेक धागा काढला तसं अचूक उत्तरांचं प्रमाण घसरत गेलं. निव्वळ चूक शोधायची असते तेव्हा आपली ती तीक्ष्ण नजर बोथट होते. लहान मुलांतही याची सुरुवात दिसते. पॉल हॅरिस आणि मारिया नुन्येझ यांच्या प्रयोगांत तीन-चार वर्षांची मुलं चार चित्रांतून नियम मोडणारं नेमकं चित्र दाखवतात, आणि चुकून मोडणं व मुद्दाम मोडणं यांत फरकही करतात.

मेंदूत वेगळी यंत्रणा आहे का, हा तुमचा मधला प्रश्न. त्या बाजूचा सगळ्यात भारी पुरावा २००२ चा आहे. अपघातात मेंदूच्या पुढच्या-खालच्या भागाला आणि अमिग्डालाला, म्हणजे भावनांशी निगडित भागाला, दोन्ही बाजूंनी इजा झालेला एक रुग्ण, संशोधनात ज्याला आर. एम. म्हणतात, त्याला दोन प्रकारची कोडी दिली. एक करार मोडल्याची, दुसरी सुरक्षिततेची, म्हणजे धोक्याचं काम करताना संरक्षक साधन वापरलं का, अशी. सुरक्षिततेची ७० टक्के बरोबर आली, कराराची फक्त ३९ टक्के. निरोगी लोकांत असा फरक दिसत नाही. त्याच वर्षी इक्वेडोरच्या ॲमेझॉन जंगलातल्या शिवियार लोकांवरचा अभ्यासही आला. शाळेशी फारसा संबंध नसलेले ते लोक फुकट्या शोधण्यात हार्वर्डच्या विद्यार्थ्यांइतकेच तरबेज निघाले.

तरीही मी 'यंत्रणा सिद्ध झाली' असं म्हणणार नाही. चेंग आणि होलिओक यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं की 'परवानगी' या साच्यात बसणारा कोणताही नियम सोपा जातो, मग त्यात फायदा-किंमत असो वा नसो. डॅन स्पर्बर आणि त्यांचे सहकारी म्हणतात की सगळा खेळ वाक्याचा रोख कुठे आहे यावर चालतो. रोख बदलला तर साध्या नियमातही अचूक उत्तरं वाढतात, आणि त्यांनी ते १९९५ मध्ये करून दाखवलं. बिअरच्या कोड्यातून 'तुम्ही पोलीस आहात' हा भाग काढला तर तिथेही उत्तरं बिघडतात. एका रुग्णावरून मेंदूचा नकाशा आखणं धाडसाचं आहे. मात्र फायदा, किंमत आणि हेतू यांचं नातं दिसलं की विचार वेगळ्या वाटेने जातो, एवढं मी आज खात्रीने म्हणेन. ती वाट जन्मजात की बालपणीच्या सरावाने मळलेली, याने तुमच्या भागीदारीत काही फरक पडत नाही.

स्मरणाबद्दल एक लोकप्रिय समज आहे की फसवणाऱ्याचा चेहरा आपण विसरत नाही. १९९६ मध्ये लिंडा मीली यांच्या अभ्यासात तसं दिसलं, पण नंतरच्या अनेक प्रयोगांत ते टिकलं नाही. टिकलं ते असं: चेहरा ओळखीचा वाटण्यात फरक नसतो, पण 'हा तोच ज्याने फसवलं' ही जोडणी चांगली लक्षात राहते. आणि पॅट बार्क्ले यांनी २००८ मध्ये दाखवलं की विरळ असतो तो लक्षात राहतो. जिथे बहुतेक जण लबाड, तिथे प्रामाणिक माणूसच जास्त आठवतो. कुचाळक्यांचं वजनही विसरू नका. २००७ च्या एका प्रयोगात समोरच्याने आधी काय केलं ते खेळणाऱ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं, तरी कानावर आलेल्या गोष्टीने त्यांचे निर्णय बदलले. तिसऱ्याकडून आलेली माहिती लबाडी पकडण्याचं मुख्य साधन आहे हे वर आलंच. निर्दोष माणसाचं नाव खराब होतं तेही त्याच वाटेने.

आता गट. प्रयोगशाळेतला नेहमीचा खेळ असा: चौघांना प्रत्येकी २० नाणी, सामाईक पेटीत टाकलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही ०.४ नाणं मिळतं. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाचे ३२ होतात, पण एकट्याने हात आखडता घेतला तर त्याचा त्याहून जास्त फायदा. फेऱ्या होत जातात तसं पेटीत कमी कमी पडत जातं. एर्न्स्ट फेअर आणि झिमोन गेश्टर यांनी स्वतःच्या खिशातलं नाणं खर्चून दुसऱ्याला दंड करायची मुभा दिली आणि चित्र पालटलं. पुन्हा कधी गाठ पडणार नाही अशा माणसालाही लोक पदरमोड करून दंड करत होते. हा निकाल सगळीकडे सांगितला जातो. त्यातली एक अट सांगायची राहून जाते: कोणी किती टाकले याचे खरे आकडे तिथे सगळ्यांसमोर मांडलेले असतात. क्रिस्टोफेल ग्रेशेनिग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ते आकडे मुद्दाम अविश्वसनीय केले. लोक दंड करायचे थांबले नाहीत. संशयावर करत राहिले, निर्दोषांनाही बसला, आणि सहकार्य वाढण्याऐवजी एकूण नुकसान झालं.

म्हणून कोणी 'आमच्यातला कामचुकार कसा ओळखू' असं विचारलं की मी आधी उलट विचारतो: कोणी काय करायचं ठरलं होतं, आणि झालं की नाही हे कोणाला दिसतं? बहुतेक ठिकाणी पहिल्याचं उत्तर धूसर असतं आणि दुसऱ्याचं 'कोणालाच नाही' असं. तिथे कितीही पारखी माणूस आणून बसवला तरी तो अंदाजच करणार.

एलिनॉर ऑस्ट्रम यांनी, ज्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, सामाईक पाणी, कुरणं, जंगलं शतकानुशतकं टिकवणाऱ्या गटांचा अभ्यास केला. काही कालव्यांवर शेतकऱ्यांना पाणी पाळीने मिळतं. ज्याची पाळी संपत आली त्याला आणखी थोडं पाणी घ्यायचा मोह असतो. ज्याची पाळी पुढची, तो आपलं पाणी वेळेवर सुरू व्हावं म्हणून आधीच दारापाशी येऊन उभा असतो. फुकट्यावर नजर ठेवायला वेगळा माणूस नको, वेगळा खर्च नको. ज्याचं नुकसान होणार तोच त्या क्षणी तिथे हजर असतो. गिगरेंझर आणि हूग यांच्या कर्मचारी-मालकाच्या पत्त्यांत दिसलेला पक्षपात इथे थेट कामाला लावलेला आहे. तुमच्या गटातही हे करता येतं. ज्याचं पुढचं काम अडकतं त्याच्या हाती आधीच्याचं काम स्वीकारायचा अधिकार द्या, आणि कामं सोपवताना एकाचा शेवट दुसऱ्याची सुरुवात होईल अशी साखळी जुळवा. महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी सगळ्यांना गुण देण्याची पद्धत मला याच्यासमोर फिकी वाटते. तिथे रॉस-सिकोलीवाली बेरीज पुन्हा पूर्णाच्या वर जाते.

संशय आलाच तर बोलण्याआधी वरच्यासारखेच तीन धागे तपासा: त्याला खरंच फायदा झाला का, त्याला ठरलेली गोष्ट माहीत होती का, ती पाळणं त्याच्या हातात होतं का. तिन्हींची उत्तरं मिळाली नसतील तर आरोप न करता नुसतं विचारावं. ऑस्ट्रम यांना टिकून राहिलेल्या गटांत आढळलं की पहिल्या चुकीला दंड अगदी किरकोळ असतो, कधीकधी नावापुरताच, आणि पुन्हापुन्हा घडलं तर चढत जातो. पहिल्यांदा पकडलेला माणूस अडचणीत असू शकतो किंवा पकडणाऱ्याचीच चूक असू शकते, आणि तेव्हा एवढासा दंड भरून तो गटात राहू शकतो.